कुलाब्याचें सूर्ययंत्र

मुंबई हायकोर्टांतील डेप्युटी रजिस्ट्रार विल्यम ॲडम्स हें नांव आज फारसें कोणाच्या ऐकण्यांत नाहीं. कोर्टाचीं दप्तरें सांभाळणाऱ्या या गृहस्थांनीं आठ आरसे अष्टकोनांत बसवून उन्हाची चूल केली, आणि जानेवारीच्या थंडींत तिच्यावर सात शिपायांचें जेवण दोन तासांत शिजविलें. (मुंबईच्या जानेवारीस थंडी म्हणणें हें धाडसच!) पुढें कुलाब्यास पुष्कळ आरशांच्या उन्हानें वाफ करून त्यांनीं अडीच अश्वशक्तीचें यंत्र चालविलें, व १८७८ सालीं या विषयावर ग्रंथही प्रसिद्ध केला. तथापि त्यांची चूल घरोघर गेली नाहीं. सूर्य मावळला कीं ती थंड!

आजचीं छपरांवरील पॅनेलें उष्णतेनें नव्हे, प्रकाशानें वीज करतात. सिलिकॉनची ही युक्ति १९५४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें दाखविली. २०२४ सालीं आपल्या सरकारनें एक कोटि घरांसाठीं अनुदानाची योजना काढली. मावळतीची अडचण मात्र ॲडम्स यांचीच. म्हणून आमच्या घरीं आधीं ६० वॅटचे दिवे जाऊन ९ वॅटचे आले, मग पॅनेलें. आणि धुण्याचें यंत्र दुपारींच लागूं लागलें. रात्रीं इस्त्री करण्याची आमची जुनी खोड तेवढी अजून जात नाहीं, व त्या वेळीं मीटर बाहेरची वीज मोजीत असतो.