जागतिक कुमार स्क्वॉश स्पर्धा आणि आपले चेन्नई

मराठी माणसाचे क्रीडाप्रेम क्रिकेटपासून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. फार तर कबड्डी, खो-खो आणि मल्लखांब यांविषयी आपण आपुलकीने बोलतो. स्क्वॉश हा साहेबांच्या क्लबातला खेळ, अशी समजूत असल्यामुळे आपले त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. परंतु नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने आपण ज्या शहराला आपले मानले, त्या चेन्नईने या खेळाची जागतिक कुमार अजिंक्यपद स्पर्धा एकदा नव्हे, तीनदा भरवली: 2002, 2009 आणि 2018 साली. तिचा इतिहास आपल्या मुलांना आणि ऑफिसातल्या तमिळ सहकाऱ्यांनाही ठाऊक असावा, म्हणून हा लेखप्रपंच.

स्क्वॉशचा जन्म एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील हॅरो या शाळेत झाला. चार भिंतींची बंद खोली, 9.75 मीटर लांब आणि 6.40 मीटर रुंद. समोरच्या भिंतीच्या तळाशी पत्र्याची पट्टी. चेंडू तिच्या वर लागला पाहिजे. टेनिसमध्ये प्रतिस्पर्धी जाळीपलीकडे असतो. इथे दोघेही एकाच खोलीत, एकमेकांना वाट देत खेळतात. ब्रिटिश सैन्याबरोबर हा खेळ हिंदुस्थानातील छावण्यांत आणि क्लबांत आला. पेशावरजवळच्या नवाकिल्ले गावचे हाशिम खान लहानपणी गोऱ्या अधिकाऱ्यांच्या क्लबात चेंडू उचलून देत. याच हाशिम खान यांनी 1944 साली आपल्या मुंबईत झालेली अखिल भारतीय स्पर्धा जिंकली आणि 1951 साली ब्रिटिश ओपनचे विजेतेपद मिळवले. चेंडू उचलणारा मुलगा जगातला सर्वोत्तम खेळाडू होऊ शकतो, हे या खेळाने फार पूर्वीच दाखवून दिले आहे.

मुलांची जागतिक कुमार स्पर्धा 1980 साली सुरू झाली, तर मुलींची 1981 साली. वयोमर्यादा 19 वर्षांखालील. पूर्वी मुलांची स्पर्धा सम वर्षी आणि मुलींची विषम वर्षी होत असे. 2009 पासून दोन्ही गटांच्या एकेरी स्पर्धा दरवर्षी एकत्र होऊ लागल्या. कोविडमुळे दोन वर्षे खंड पडला, एवढाच काय तो अपवाद.

विजेत्यांची यादी वाचताना एखाद्या घराण्याची वंशावळ वाचल्यासारखे वाटते. 1986 साली पाकिस्तानचा जानशेर खान जिंकला आणि पुढे आठ वेळा जगज्जेता झाला. त्यानंतर पाकिस्तानला पुढच्या कुमार विजेत्यासाठी तब्बल 37 वर्षे थांबावे लागले. 2023 साली मेलबर्नला हमजा खानने ती प्रतीक्षा संपवली. मलेशियाच्या निकोल डेव्हिडने 1999 आणि 2001 असे लागोपाठ दोनदा कुमारी गटाचे विजेतेपद मिळवले. पुढे तिने आठ जागतिक विजेतेपदे जिंकली आणि सलग नऊ वर्षे ती जगात पहिल्या क्रमांकावर राहिली. पेरूच्या दिएगो एलियासने 2014 आणि 2015 साली बाजी मारली. 2024 साली तो दक्षिण अमेरिकेचा पहिला जगज्जेता ठरला.

तरीही या यादीवर खरा ठसा आहे तो इजिप्तचा. 1994 साली अहमद बरादा कुमार विजेता झाला. दोन वर्षांनी गिझाच्या पिरॅमिडसमोर काचेचे कोर्ट उभारून मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवण्यात आली. त्या स्पर्धेत घरच्या प्रेक्षकांसमोर बरादाने थेट अंतिम फेरी गाठली. अंतिम सामन्यात जानशेरने त्याला हरवले, पण इजिप्तमधल्या मुलांच्या हातात रॅकेट आली ती त्याच सुमारास. रामी अशूरने 2004 आणि 2006 साली कुमार विजेतेपद मिळवले. दोनदा जिंकणारा तो पहिला मुलगा. अलीकडे अमिना ओर्फीने 2022 ते 2025 अशी सलग चार वर्षे मुलींचे विजेतेपद स्वतःकडे राखले. कैरो आणि अलेक्झांड्रियाच्या क्लबांत लहान मुले मोठ्या खेळाडूंच्या शेजारच्या कोर्टवर सराव करतात, त्यांचा खेळ रोज डोळ्यांसमोर असतो. एक पिढी दुसऱ्या पिढीला घडवते ती अशी.

चेन्नईतही असेच काही करण्याचा विचार होता. नेहरू पार्कात आधुनिक कोर्ट असलेली अकादमी उभी राहिली. सुरुवातीला ती आयसीएल स्क्वॉश अकादमी म्हणून ओळखली जाई, पुढे ती इंडियन स्क्वॉश अकादमी झाली. मलेशियाहून आलेले मेजर एस. मणियम आणि त्यांच्याबरोबर सायरस पोंचा यांनी प्रशिक्षणाची धुरा सांभाळली. मेट्रोच्या नेहरू पार्क स्थानकावरून आपल्यातील कितीतरी जण रोज जातात. ही वास्तू तिथून जवळच आहे.

2002 साली चेन्नईत इंग्लंडचा जेम्स विलस्ट्रॉप कुमार विजेता झाला. 2009 साली मुलांमध्ये इजिप्तच्या मोहम्मद अल शोरबागीने आदल्या वर्षीचे विजेतेपद राखले, तर मुलींमध्ये नूर अल शर्बिनी जिंकली. तेव्हा ती अवघी 13 वर्षांची होती! पुढे शोरबागी 2017 साली जगज्जेता झाला आणि शर्बिनीने 2025 पर्यंत आठ जागतिक विजेतेपदे मिळवून निकोल डेव्हिडची बरोबरी साधली. 2018 साली इजिप्तच्याच मुस्तफा असल आणि रोवन अलअरबी यांनी चेन्नईत विजेतेपदे घेतली. असल तेव्हा 17 वर्षांचा होता. 2025 साली तो जगज्जेता झाला. म्हणजे चेन्नईत मुलांचे विजेतेपद मिळवलेल्या तिघांपैकी दोघे जगज्जेते झाले, आणि तिसरा, विलस्ट्रॉप, 2012 साली जागतिक क्रमवारीत अव्वल स्थानी पोहोचला.

मग आपल्या पदरात काय पडले, असे कोणी विचारील. 2025 पर्यंत एकाही भारतीयाने ही एकेरी स्पर्धा जिंकलेली नाही, ही वस्तुस्थिती आहे. पण हिशेब तेवढ्यावर संपत नाही. कोलकात्याचा सौरव घोषाल शालेय शिक्षणानंतर घर सोडून सरावासाठी चेन्नईत आला. 2004 साली त्याने ब्रिटिश ज्युनिअर ओपनचा 19 वर्षांखालील गट जिंकला. चेन्नईचीच जोश्ना चिनप्पा 2005 साली त्याच स्पर्धेत मुलींमध्ये विजेती ठरली आणि त्याच वर्षी जागतिक कुमारी स्पर्धेत तिने उपविजेतेपद मिळवले. पुढे घोषाल इंग्लंडमध्ये माल्कम विलस्ट्रॉप यांच्याकडे शिकला. हे माल्कम म्हणजे जेम्सचे वडील. 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्यपदकाच्या सामन्यात घोषालसमोर उभा ठाकला तो हाच जेम्स विलस्ट्रॉप. घोषालने त्याला सरळ गेममध्ये हरवून राष्ट्रकुल स्पर्धेत भारताला स्क्वॉश एकेरीचे पहिले पदक मिळवून दिले. चेन्नईत विलस्ट्रॉपने कुमार विजेतेपद मिळवल्याला तेव्हा वीस वर्षे होत आली होती.

घोषालसारखाच चंडीगडचा हरिंदरपाल संधू चेन्नईत आला आणि इथेच घडला. या दोघांच्या जोडीला मुंबईचा महेश माणगावकर होता, ही आपल्यासाठी अभिमानाची बाब. आशियाई क्रीडा स्पर्धेत 2014 साली इंचॉनला आणि 2023 साली हांगझोऊला सांघिक सुवर्णपदक जिंकणाऱ्या दोन्ही संघांत हे तिघे होते. हांगझोऊच्या अंतिम फेरीत पाकिस्तानविरुद्ध निर्णायक सामना जिंकला तो चेन्नईच्या अभय सिंगने. जोश्ना आणि दीपिका पल्लिकल या चेन्नईच्या जोडीने 2014 साली ग्लासगोला राष्ट्रकुल स्पर्धेतील भारताचे पहिले स्क्वॉश सुवर्ण मिळवले होतेच.

पुढची पिढीही तयार आहे. दिल्लीची अनाहत सिंग 2025 च्या जागतिक कुमारी स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये चेन्नईत झालेल्या विश्वचषकात जोश्ना, अभय, अनाहत आणि वेलवन सेंथिलकुमार यांच्या संघाने अंतिम फेरीत हाँगकाँगला 3-0 असे नमवून भारताला पहिल्यांदाच हा चषक जिंकून दिला. जोश्ना तेव्हा 39 वर्षांची होती आणि अनाहत 17 वर्षांची. इजिप्तमध्ये जे घडले, तेच आता इथे घडताना दिसते आहे. शिवाय 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये स्क्वॉशचा प्रथमच समावेश झाला आहे, आणि तो निर्णय ऑक्टोबर 2023 मध्ये झाला, तोही मुंबईत भरलेल्या ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात.

या शहराने कोलकात्याच्या आणि चंडीगडच्या मुलांना तू कुठला, असे विचारले नाही. कोर्ट दिले, गुरू दिले आणि जगातले उत्तम खेळाडू त्यांच्या डोळ्यांसमोर आणून उभे केले. आपणही बाहेरून येऊन इथे रुजलेली माणसे. या औदार्याचे मोल आपल्याला वेगळे सांगायला नको. दहावी-बारावी आणि प्रवेश परीक्षांच्या धबडग्यात आपल्या मुलांच्या खेळाचा तास सर्वांत आधी कापला जातो. यंदाच्या उत्सवानंतर एखाद्या रविवारी मुलांना एखादा सामना किंवा सराव दाखवायला जरूर न्या. त्यातला प्रत्येक जण विजेता होणार नाही. पण त्या यादीतले पहिले भारतीय नाव लिहिले जाईल, तेव्हा ते या शहरात वाढलेल्या मुलाचे किंवा मुलीचे असावे, आणि ते घर मराठी असले तर दुधात साखर, एवढेच गणरायाकडे मागणे.