धोट्यातलं सूत

आमच्या घरात इतिहासाचं पुस्तक नव्हतं. आजा होता. आपल्या बापाचा डिलाईल रोड तो सांगायचा, मी ऐकायचो.

१९२० नंतर गव्हर्नर लॉइडच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं बीडीडी चाळी उठवल्या. खोली १६० चौरस फूट. त्यात पणजा, पणजी, पाच पोरं आणि गावाकडचे दोन भाऊबंद. पाळी बदलली की चटई तीच, माणूस दुसरा.

पणजा त्रासन खात्यात. साच्यावर जायची बंदी. का? कांडी संपली की नव्या कांडीचं सूत धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढावं लागे. महाराची थुंकी लागलेला धोटा दुसऱ्यानं तोंडाला कसा लावायचा? बाटेल ना! आणि चांगली मजुरी तर साच्यावरच. म्हणजे थुंकीचं निमित्त, पाय मात्र पोटावर.

१९२८ चा संप सहा महिने चालला. चाळीत चुली थंड. आपलेही उपाशी, तेही उपाशी. पण साच्यावरची बंदी उठवा, हे पुढाऱ्यांच्या तोंडून निघेना. बाबासाहेबांनी अडून धरलं, तेव्हा कुठं ती मागणी झाली. पणजा म्हणायचा, "भूक एक होती, पाण्याची मडकी दोन." तरी ७ नोव्हेंबर १९३८ ला, औद्योगिक कलह बिलाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावटा एकत्र उतरले, तेव्हा तोही संपावर होता. एकजूट त्याला नको नव्हती. बरोबरीची हवी होती.

मग लढाई. काचांना काळा कागद, १९४३ पासून रेशनची रांग. १४ एप्रिल १९४४. बाबासाहेबांचा जन्मदिवस. दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळा आणि कापूस भरलेली फोर्ट स्टिकिन बोट फुटली. चाळ हादरली. पणजीला वाटलं, जपान आला. तिनं पोरं पोटाशी धरली. तिचा भाऊ गोदीत हमाल. तो परत आला नाही. प्रेतही नाही. त्याच्या नावाचा एक कागद आमच्या घरात नाही. पुढं दर जयंतीला ती एक मेणबत्ती जास्त लावायची.

आज गिरण्यांच्या जागी टॉवर आहेत. चाळीही पाडायला घेतल्यात. मोर्चाला जाल तेव्हा जा, पण आधी घरातल्या म्हाताऱ्यांजवळ बसा. विचारा, त्यांचा बाप कुठल्या खात्यात होता? साच्यावर का नव्हता? साल लिहा, खातं लिहा, नाव लिहा. पणजीच्या भावाचा कागद नाही. निदान पुढच्यांना आपला कागद मिळू दे.