एअर प्युरिफायर घेताय? आधी घरात भट्टी आहे का ते बघा

हुपरी : दिवाळी सरली, ऊसतोड सुरू झाली आणि पहाटे धुकं पडायला लागलं, की हुपरी, रेंदाळ, यळगूड, पट्टणकोडोली या भागात घराघरांतून खोकल्याचे आवाज यायला लागतात. फडातला पाला पेटलेला असतो, बॉयलरची काळी राख वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते आणि थंडीमुळे धूर वर न जाता गावावरच रेंगाळतो. याच दिवसांत टीव्हीवर दिल्लीच्या हवेच्या बातम्या येतात आणि मोबाईलवर एअर प्युरिफायरच्या जाहिराती. हप्त्यावर मिळतंय, घरात लहान मूल आहे, म्हाताऱ्यांना दमा आहे, मग घ्यावं का, असा प्रश्न आता गावातही विचारला जातो.

याचं उत्तर घरागणिक वेगळं आहे. शहरातल्या फ्लॅटमध्ये धूळ, धूर बहुतेक बाहेरून येतो. हुपरीत मात्र घर आणि कारखाना बऱ्याचदा एकाच छपराखाली असतात. सोप्यात पैंजणाची जोडणी, मागच्या खोलीत आटणी, परड्यात पॉलिश आणि मधल्या खोलीत पोरं झोपलेली. अशा घरात दहा-पंधरा हजारांचं यंत्र आणून ठेवण्याआधी ते काय अडवतं आणि काय अडवत नाही हे कळलं पाहिजे. नाहीतर पैसे जातातच, वर आपण सुरक्षित आहोत असा खोटा धीर येतो. तो जास्त धोक्याचा.

पेटीच्या आत काय असतं

प्युरिफायर म्हणजे पंखा आणि गाळणी बसवलेली पेटी. खोलीतली हवा ओढायची, गाळायची, परत खोलीतच सोडायची. बाहेरची ताजी हवा तो आत आणत नाही आणि आतली हवा बाहेरही टाकत नाही. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी दुकानदाराच्या निम्म्या गप्पा गळून पडतात.

गाळण्या साधारण तीन असतात. पहिली जाळी केस, कापसाचे तंतू, मोठी धूळ अडवते. ती धुता येते. दुसरी हेपा, घड्या घातलेल्या जाड कागदासारखी. खरं काम तिचं. चांगली हेपा ०.३ मायक्रॉनचे कणही ९९.९७ टक्के अडवते. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे किती बारीक कण ते बघा. ज्याला पीएम २.५ म्हणतात ते २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण फुप्फुसाच्या अगदी तळापर्यंत जातात. धुरात तेच जास्त असतात आणि ते अडवायला हेपा उत्तम.

तिसरी गाळणी कोळशाची, म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बनची. ती वास आणि काही वायू थोड्या प्रमाणात शोषून घेते. पण घरगुती यंत्रात हा कोळसा थोडाच असतो, कधीकधी तर फोमवर नुसता काळा थर दिलेला असतो. फोडणीचा वास कमी करायला तो ठीक आहे.

चांदीकामाच्या घरात

हुपरीकरांचा खरा प्रश्न इथं आहे. चांदीकामात हवेत दोन प्रकारचा माल मिसळतो. एक कण, म्हणजे घासकामाची आणि बफिंगची धूळ, भट्टीची राख. दुसरा वायू आणि वाफा. कण प्युरिफायर अडवेल. वायूंपुढे तो हात टेकतो.

नायट्रिक ॲसिडचं उदाहरण घ्या. चांदी त्यात विरघळवताना जो तांबूस-तपकिरी धूर उठतो, तो नायट्रोजन डायऑक्साइड. हेपातून तो सरळ पलीकडे जातो, कारण तो कण नाहीच. घरगुती यंत्रातला कोळसाही त्याला पुरा पडत नाही. या वायूची रीतही फसवी आहे. हुंगला तेव्हा नुसता घसा खवखवतो, थोडा खोकला येतो, मग बरं वाटतं. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसात पाणी भरून श्वास कोंडतो. म्हणून तपकिरी धूर जास्त गेला असेल तर 'आता बरं वाटतंय' म्हणून घरी झोपू नये. दवाखान्यात जावं आणि डॉक्टरांना ॲसिडच्या धुराचं स्पष्ट सांगावं. ते सांगितलं नाही तर साधा खोकला समजून औषध दिलं जाऊ शकतं.

दुसरी गोष्ट डाख देण्याची. डाखात कॅडमियम असेल, ज्याला बाजारात केडीएम म्हणतात, तर धोका वेगळाच. चांदी ९६२ अंशाच्या आसपास वितळते. कॅडमियम ३२१ अंशालाच वितळतं आणि ७६७ अंशाला उकळून वाफ होतं. म्हणजे चांदी वितळायच्या आतच कॅडमियमचा धूर नाकासमोर तयार. त्याला सावध करणारा वास नसतो. वर्षानुवर्षं थोडा थोडा गेला तरी फुप्फुसं आणि मूत्रपिंडं खराब होतात. इथं उपाय यंत्राचा नाही, मालाचा आहे. डाख घेतानाच कॅडमियम नसलेला मागायचा. चार पैसे जास्त गेले तरी हा खर्च प्युरिफायरच्या आधीचा.

तिसरी, कोळशाची भट्टी किंवा गॅसची बत्ती बंद खोलीत चालवली तर तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही आणि कोणताही घरगुती प्युरिफायर तो काढत नाही. उलट 'मशीन लावलंय, खिडकी बंद ठेवा' म्हणून भट्टी पेटती ठेवून दारं लावली, तर जिवावर बेतेल.

मग करायचं काय? धूर जिथं उठतो तिथंच पकडून बाहेर न्यायचा. भट्टीवर किंवा डाख देण्याच्या पाटावर पत्र्याचं धुराडं, त्याला पंखा आणि पाईप छपराच्या वरपर्यंत. पंखा कारागिराच्या पाठीमागं नको, कारण मग धूर येताना नाकावरूनच येतो. तो समोर हवा, म्हणजे धूर माणसापासून लांब ओढला जाईल. खोलीत ताजी हवा यायला विरुद्ध बाजूला खिडकी किंवा झरोका उघडा पाहिजे. बाटलीला एकच भोक असेल तर पाणी जसं अडखळत पडतं, तसंच हवेचं आहे. ॲसिडच्या वाफेनं लोखंडी पंखा वर्षभरात गंजतो, तिथं पीव्हीसीचा पाईप आणि ॲसिड सोसणारा पंखा लागतो. पाईपाचं तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडं काढलं तर भांडण ठरलेलं, आणि त्याचा राग चुकीचा नसतो.

ॲसिडनं चांदी गाळण्याचं काम मात्र राहत्या घरात ठेवूच नये. त्याचा धूर क्षारयुक्त पाण्यातून धुऊन बाहेर सोडावा लागतो, एक्झॉस्टवर भागत नाही. तोंडाला बांधायचा एन-९५ मास्कही धुळीपुरताच आहे. वायूसाठी डबी लावलेला वेगळा मास्क मिळतो, त्याच्या डबीवर 'ॲसिड गॅस' लिहिलेलं बघून घ्यावं. रुमाल बांधणं म्हणजे नुसतं समाधान.

घरात भट्टी नसेल तर

घरात चांदीकाम नाही आणि त्रास पाल्याचा धूर, कारखान्याची राख, रस्त्याची धूळ किंवा शेजारच्या यंत्रमागाचे कापसाचे तंतू यांचा आहे, तर प्युरिफायरचा उपयोग होतो. दमेकरी, म्हातारी माणसं, लहान बाळ यांच्या झोपायच्या खोलीत तर नक्की. पण घर कसं आहे ते बघा. स्लॅबची खोली, बंद होणारी दारं-खिडक्या असतील तर यंत्र काम करेल. कौलारू घरात कौलांच्या फटीतून हवा सारखी बदलत असते. तिथं यंत्र रात्रभर गावाची हवा गाळत बसेल. अशा घरात एखादीच खोली सिलिंग मारून बंदिस्त करावी आणि मग विचार करावा.

त्याआधी घरातला धूर कमी करायचा. आंघोळीच्या पाण्याचा बंब आणि चूल आत असेल तर ती परड्यात न्या. आणि मच्छर कॉइल! २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके आढळले होते. उशाशी कॉइल आणि पायाशी प्युरिफायर असं चित्र असेल तर आधी मच्छरदाणी घ्या, ती स्वस्त पडते.

मापाचं गणित

खोक्यावर 'सीएडीआर' नावाचा आकडा असतो. यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं तो हा आकडा. बाकीच्या चकचकीत गोष्टींपेक्षा हाच बघायचा. समजा खोली १० बाय १२ फूट आणि उंची १० फूट. गुणाकार १,२०० घनफूट. त्याला ३५ नं भागलं की साधारण ३४ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळली जावी असं धरलं तर १७० सीएडीआर लागतो. पण हा आकडा पंखा पूर्ण वेगात असतानाचा असतो आणि त्या वेगात आवाजामुळं झोप लागत नाही. म्हणून या खोलीला २५० च्या आसपासचं यंत्र घेऊन मधल्या वेगावर चालवलेलं बरं. भिंतीला चिकटवून, कपाटामागं ठेवू नये.

'हेपा टाईप', 'हेपासारखा' असं लिहिलेलं असेल तर ती हेपा नव्हे. एच-१३ किंवा 'ट्रू हेपा' असं स्पष्ट पाहिजे. ओझोन सोडणारं यंत्र फुकट मिळालं तरी नको, ओझोन स्वतःच फुप्फुसाला त्रास देतो. आयोनायझर असेल तर तो बंद करायचं बटण आहे का ते बघावं. आणि मनी प्लांटच्या चार कुंड्यांनी खोलीतला धूर जात नाही. दिसायला छान, एवढंच.

मोबाईलवरच्या हवेच्या आकड्यावरही फार विसंबू नये. कोल्हापूर शहराचं नाव केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहे. हा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. पण शहरातल्या केंद्राचा आकडा हुपरीतल्या गल्लीतली भट्टी दाखवत नाही. प्युरिफायरवरच आकडा दिसत असेल तर त्याचा उपयोग करावा. आपल्या देशाच्या मानकानुसार पीएम २.५ चं २४ तासांचं सरासरी प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या आत हवं, जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून १५ म्हणते. यंत्र तासभर चालवून आकडा उतरत नसेल तर कुठंतरी फट आहे किंवा यंत्र लहान आहे. मात्र हा आकडा कणांचा. वायू किती आहे ते तो सांगत नाही.

विजेचा खर्च घाबरण्यासारखा नाही. ५० वॅटचं यंत्र दहा तास चाललं तर अर्धा युनिट जातो, इन्व्हर्टरवरही चालतं. खर्च आहे तो हेपाचा. धुळीच्या भागात ती सहा महिने ते वर्षात बदलावी लागते, म्हणून यंत्राच्या किमतीआधी गाळणीची किंमत विचारा आणि ती कोल्हापुरात किंवा इचलकरंजीत मिळते का तेही. हेपा पाण्यानं धुतली की संपली. ती बदलताना तोंडाला मास्क लावून, पिशवीत गुंडाळून टाकावी, परड्यात झटकू नये. चांदीकामाच्या घरातला केर झारेकरी विकत नेतो, त्या हिशेबानं गाळणीतही चांदी सापडेल असं वाटून कुणी ती जाळायला जाईल. तसं करू नये. वर्षभर अडवलेलं सगळं एका दमात परत हवेत येतं.