सायटिक तंत्रिका : रचनेतील भेद

शरीरातील सर्वांत जाड तंत्रिका. कमरेच्या चौथ्या मुळापासून त्रिकास्थीच्या तिसऱ्या मुळापर्यंतचे तंतू एकत्र येऊन ती बनते. उगमाशी रुंदी सुमारे २ सेंमी. ‘नस दबली’ असे म्हणत रुग्ण कमरेपासून पोटरीपर्यंत हात फिरवतो, तेव्हा तो बहुधा हिचीच वाट दाखवत असतो. आयुर्वेदात गृध्रसी या वातविकाराचे वर्णनही याच वाटेने उतरणाऱ्या वेदनेचे आहे.

दिसायला एक असली तरी ही जोडतंत्रिका आहे. टिबियल आणि पेरोनियल हे दोन भाग एका आवरणात शेजारी-शेजारी चालतात. बहुतेकांत ती पायरिफॉर्मिस या नितंबातील खोल स्नायूच्या खालून अखंड बाहेर पडते आणि गुडघ्यामागच्या खळगीच्या वरच्या टोकाशी दुभंगते. काहींत मात्र ती ओटीपोटातच विभागलेली असते. बीटन आणि अँसन यांनी १९३७ मध्ये तंत्रिका आणि या स्नायूच्या, नेहमीची धरून, सहा मांडण्या नोंदवल्या; विच्छेदनगृहात आजही त्याच वापरतात. वेगळेपणात सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे पेरोनियल भाग स्नायू भेदून येतो, टिबियल खालून.

या भेदामुळेच पायरिफॉर्मिस सिंड्रोम, म्हणजे या स्नायूपाशी तंत्रिका दबून होणारे दुखणे, होतो, हे मत वादग्रस्त आहे. सहा हजारांहून अधिक विच्छेदनांचा आढावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भेदाचे प्रमाण १६.९ टक्के होते. या दुखण्यासाठी शस्त्रक्रिया झालेल्यांत १६.२ टक्के. वेगळी रचना हाच आजार असता, तर दुसरा आकडा बराच मोठा हवा होता.

दोन्ही बाजू : एकाच व्यक्तीत सारख्या असतीलच असे नाही.

खरी काळजी सुई आणि सुरीची. नितंबात चुकीच्या जागी दिलेल्या इंजेक्शनने किंवा खुब्याचा सांधा बदलताना बसलेल्या ताणाने पेरोनियल भाग आधी दुखावतो, कारण तो बाहेरच्या अंगाला असतो आणि त्याच्या तंतूंभोवती आधाराचे ऊतक कमी असते. मग पाऊल वर उचलत नाही, चालताना बोटे जमिनीला घासतात. तान्ह्या बाळांच्या नितंबाचे स्नायू लहान असतात. म्हणून त्यांची स्नायूत द्यायची लस मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात टोचतात.

भूलतज्ज्ञाला दुभंगण्याची जागा महत्त्वाची. गुडघ्यामागून पाय बधिर करताना तंत्रिका आधीच विभागलेली असेल, तर औषध एकाच शाखेभोवती राहून भूल अपुरी पडू शकते. सोनोग्राफीत मात्र पडद्यावर फाटा दिसतो आणि औषध दोन्ही शाखांभोवती सोडता येते.