नाममुद्रा आणि मेमरी कार्ड

१९९६ साली एमपी३ फायलीच्या शेपटीला एक चिठ्ठी जोडण्याची सोय झाली. आयडी३ हे तिचे नाव आणि १२८ बाइट हा तिचा आकार. गाण्याच्या नावाला ३० अक्षरे, कलाकाराला ३०, अल्बमला ३०, वर्षाला ४, शेऱ्याला ३०, संगीतप्रकाराला एक आकडा आणि उरलेली तीन अक्षरे चिठ्ठीच्या स्वतःच्या खुणेसाठी. कवीला जागा नव्हती. कलाकार म्हणजे गाणारा, एवढेच ती योजना करणाऱ्याने गृहीत धरले होते आणि त्याला दोष देण्याचे कारण नाही. पाश्चात्य लोकप्रिय संगीतात गाणारा स्वतःच पुष्कळदा गीत लिहितो. मराठी भावगीताचे तसे नाही. इथे कवी वेगळा, चाल लावणारा वेगळा, गाणारा वेगळा. या तिघांपैकी पहिल्या दोघांचे काय झाले, हा आमच्या कुतूहलाचा विषय आहे.

खिशात मावणाऱ्या संगीतयंत्रांचा इतिहास सांगताना एकांताची कहाणी सांगितली जाते. १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आला. १९९८ मध्ये कोरियातून पहिला एमपी३ प्लेअर आला आणि त्याच वर्षी अमेरिकेत ३२ एमबीचा रिओ. त्यात जेमतेम अर्ध्या तासाचे संगीत मावे. २३ ऑक्टोबर २००१ रोजी ५ जीबीचा आयपॉड जाहीर झाला आणि हजार गाणी खिशात गेली. माणूस कानात बोंडे घालून जगापासून तुटला, असा या कहाणीचा शेवट असतो. पहिल्या वॉकमनला दोघांनी मिळून ऐकावे म्हणून हेडफोनची दोन भोके ठेवलेली होती, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

मोर्शीत ही कहाणी अशी घडलीच नाही. आयपॉड आम्ही पाहिला तो पुण्याहून दिवाळीला आलेल्या कुणाच्या तरी हातात. गावात आले ते पेनड्राइव्हच्या आकाराचे स्वस्त प्लेअर आणि त्यांच्या पाठोपाठ, खऱ्या अर्थाने, मेमरी कार्डाचे मोबाईल. त्यांतही मोठ्या आवाजाच्या चिनी मोबाईलची चलती. आयएमईआय क्रमांक नसलेले फोन २००९ च्या अखेरीस बंद करण्यात आले, तोवर संत्र्याच्या बगिच्यातल्या तोडाईपासून सालबर्डीच्या महाशिवरात्रीच्या यात्रेपर्यंत त्यांचाच आवाज घुमत होता. वैयक्तिक यंत्र आमच्याकडे आधी सार्वजनिक झाले. इयरफोन नंतर आला, आणि तोही दोघांत एक.

या यंत्रात गाणी येत कुठून? बसस्थानकाजवळच्या मोबाईल दुकानातून. दहा-वीस रुपयांत कार्ड भरून मिळे. चार मिनिटांच्या गाण्याला साधारण ४ एमबी लागत, म्हणजे २ जीबीच्या कार्डात पाचशेच्या आसपास गाणी. एवढी गाणी एकेक करून निवडायला गिऱ्हाइकाला सवड नसे आणि दुकानातल्या पोराला त्याहून नसे. ‘मराठी’, ‘भीमगीते’, ‘भक्ती’, ‘जुनी हिंदी’ अशी त्याची फोल्डरे असत. दोन उचलायची, ओतायची, संपले. नव्या गाण्याची ओळख होण्याचे ठिकाण, जे आमच्या आईवडिलांच्या पिढीला बिनाका गीतमाला नि विविध भारती होते, ते आता या पोराचा संगणक झाले. त्याच्या आवडीने तालुक्याचा कान घडवला, असे म्हटले तर अतिशयोक्ती फारशी होणार नाही. याला चोरी म्हणणारे बरोबरच म्हणतात. परंतु गाडगेबाबांचे १९५६ सालचे, मुंबईत ध्वनिमुद्रित झालेले कीर्तन आमच्यापैकी दोघांनी प्रथम ऐकले ते याच दुकानाच्या कृपेने, हेही खरे.

आता कवीकडे वळू. रेडिओवर निवेदक गाण्याआधी किंवा नंतर गीतकार, संगीतकार, गायक अशी तिन्ही नावे उच्चारत असे. ऐकणाऱ्याला नको असली तरी ती कानावर पडत. तबकडीवर आणि कॅसेटच्या कागदावर ती छापलेली असत. ही व्यवस्था निर्दोष होती असे नव्हे. १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातल्या गाजलेल्या गीताच्या तबकडीवर लता मंगेशकरांऐवजी ‘कामिनी’ हे पात्राचेच नाव होते, आणि श्रोत्यांनी विचारणा केल्यावर खरे नाव सांगितले गेले. पण विचारायला कोणीतरी होते, सांगायलाही होते. कार्डात ओतलेल्या फायलीचे नाव ‘ट्रॅक ०७’ असे, आणि चिठ्ठी असलीच तर पडद्यावर देवनागरीच्या जागी चौकोनांची रांग उमटे.

आमच्यापैकी एकाने वर्गात सुरेश भट शिकवताना विचारले, यांची कविता कोणी ऐकली आहे? हात वर झाले नाहीत. मग एका गीताचे नाव सांगितले, तेव्हा निम्मा वर्ग म्हणाला, “सर, ते तर लताचं आहे.” १९३२ साली अमरावतीत जन्मलेला कवी, आणि अमरावती जिल्ह्यातल्याच मुलांच्या खिशात तो बिननावाचा होता. भीमराव पांचाळे यांना मात्र मुले ओळखत होती, कारण आष्टगाव इथून जवळ आणि आवाज ओळखीचा. ते गातात त्या गझला कोणाच्या, हा प्रश्न पुन्हा अनुत्तरित.

याच वर्गाला तुकडोजी महाराजांचे भजन ऐकवले, तर कवी कोण हे विचारावेच लागले नाही. मोझरीचे गुरुकुंज इथून फार दूर नाही, हे एक कारण. दुसरे कारण आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. भजनाच्या शेवटच्या कडव्यात ‘तुकड्यादास’ आलेलाच असतो. नाममुद्रा हा काव्यशास्त्राच्या तासाला दोन ओळींत उरकण्याचा विषय. आम्हीही तो तसाच उरकत आलो. पण तोंडोतोंडी फिरणाऱ्या रचनेचे लेबल गळून पडते, हे ज्यांना ठाऊक होते त्यांनी नाव रचनेच्या पोटातच शिवून ठेवले होते. वही हरवली, गायक बदलला, खंजिरीची जागा कीबोर्डने घेतली, फायलीचे नाव पुसले गेले, तरी कवी शाबूत. उर्दू गझलेतला तखल्लुस हेच काम करतो; मराठी गझलेत ती प्रथा तेवढी रुजली नाही. भावगीताच्या कवीने तर नाव बाहेर काढून छापखान्यावर आणि निवेदकावर विसंबून ठेवले. तो विश्वास पन्नासएक वर्षे खरा ठरला, मग यंत्र बदलले.

मोर्शी तालुक्यात बसून हे लिहिताना रिद्धपूर आठवल्याशिवाय राहत नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटाने तिथे लीळा जमवल्या त्या माणसांच्या स्मरणातून, ज्याने पाहिले-ऐकले त्याला गाठून. पुढे मूळ पोथी हरवली आणि अनुयायांनी आठवणीतून पाठ पुन्हा उभे केले, तेव्हा पाठभेद कोणाचा, हेही नावानिशी नोंदवले गेले. (याच पंथाने पुढे सकळ लिपीत पोथ्या लिहिल्या, म्हणजे कुलूपबंद फायलीची कल्पनाही आम्हांला अगदी नवी नाही.) सातशे वर्षांपूर्वी ज्या परिसरात ‘हे कोणी सांगितले’ याची एवढी काळजी होती, तिथे पाचशे गाण्यांचे कार्ड एकाही कवीच्या नावाशिवाय फिरावे, याची चुटपुट वाटते.

१९९८ नंतरच्या सुधारित चिठ्ठीत गीतकाराचा रकाना आला. तो कोणी भरला नाही. २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातील दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा मानधनातला वाटा पक्का केला, म्हणजे नाव ही केवळ मानाची बाब उरली नाही. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, कार्ड भरणारी दुकाने कव्हरे नि काचा विकू लागली, आणि आता गाणी अॅप सुचवते. तिथे रकाने भरलेले असतात खरे, पण ते पाहायला पडद्यावर दोनदा बोट टेकवावे लागते. २०१७ मध्ये पाच हजार गाणी भरलेला, जुन्या रेडिओसारखा दिसणारा कारवां निघाला आणि घराघरांतल्या वडीलधाऱ्यांच्या उशाशी जाऊन बसला. त्यातल्या बहुतेक गाण्यांना मात्र निवेदक नाही.

गेल्या दोन वर्षांत आम्ही विद्यार्थ्यांना घरातली जुनी कार्डे आणायला सांगितली आहेत. फाईल ऐकायची, कवी शोधायचा, रकाना भरायचा, असे हे काम. गीतांचे एक वेळ जमते. अडचण येते ती आजीकडून मोबाईलवर मुद्रित करून आणलेल्या जात्यावरच्या ओव्यांची. तिथे काय लिहायचे, यावर आमच्यातच एकमत नव्हते. एक म्हणाले ‘पारंपरिक’, दुसरे म्हणाले जागा रिकामी ठेवा. शेवटी एका मुलीने आजीलाच विचारले. आजी म्हणाली, “माह्या मायचं नाव लिव.” ते लिहिले आहे.