साक्षीची जागा : फायरवॉलच्या नोंदी मध्यवर्ती सेवेकडे पाठविण्याच्या पद्धतीचा इतिहास (१९८०–२०२४)

प्रस्तावना

इतिहासाच्या साधनाची विश्वसनीयता ठरविताना अभ्यासक तीन प्रश्न विचारतो : नोंद कोणी केली, केव्हा केली आणि त्यानंतर ती कोणाच्या ताब्यात राहिली. संगणकाच्या जाळ्यांतील नोंदींना मात्र हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. यंत्राने आपोआप लिहिलेले असल्याने ते खरेच असणार, असा समज सर्वत्र आढळतो. गेल्या चार दशकांचा इतिहास या समजाला दुजोरा देत नाही.

फायरवॉल हे संस्थेचे अंतर्गत जाळे आणि बाहेरचे इंटरनेट यांच्या सीमेवर बसविलेले उपकरण होय. येणारी-जाणारी प्रत्येक जोडणी ठरवून दिलेल्या नियमांशी ताडून पाहणे व तिला वाट देणे किंवा अडविणे, हे त्याचे काम. या कामाची जी नोंद ते ठेवते तिला व्यवहारात ‘लॉग’ म्हणतात. जोडणी कोणत्या वेळी, कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या पत्त्याकडे व कोणत्या पोर्टवर झाली आणि तिच्याबाबत काय निर्णय झाला, इतका तपशील त्यात असतो. ही नोंद केवळ उपकरणात न ठेवता, निर्माण होताच दुसऱ्या यंत्रावरील मध्यवर्ती सेवेकडे पाठविण्याची पद्धत आज रूढ आहे. ही पद्धत सोय म्हणून आली आणि पुरावा म्हणून टिकली. तिच्यातील बहुतेक उणिवा या दोन भूमिकांमधील अंतरातून उद्भवल्या आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पार्श्वभूमी : आरोपीच्या हातातील नोंदवही

सामायिक संगणकावर कोणी किती वेळ काम केले याच्या नोंदी प्रारंभी मुख्यतः आकारणीसाठी ठेवल्या जात. सुरक्षेसाठी त्यांचा पद्धतशीर उपयोग कसा करावा याचा विचार जेम्स अँडरसन यांनी १९८० मध्ये तयार केलेल्या अहवालात आढळतो. घुसखोरांचे वर्गीकरण करताना त्यांनी ‘गुप्त वापरकर्ता’ असा एक वर्ग कल्पिला. यंत्राचे सर्वाधिकार हस्तगत करून किंवा नोंद जेथे घेतली जाते त्या पातळीच्या खाली राहून हा मनुष्य वावरतो. त्यामुळे त्याच्या हालचालींची नोंदच होत नाही. ज्या यंत्रावर ताबा गेला, त्या यंत्राची नोंदवहीही ताबा घेणाऱ्याच्या हाती जाते, ही अडचण येथे स्पष्टपणे पुढे आली.

सहा वर्षांनी तिचा प्रत्यक्ष प्रत्यय आला. ऑगस्ट १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत संगणकवापराच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत निघाली. खगोलशास्त्रज्ञ क्लिफर्ड स्टॉल यांच्याकडे तिचा शोध सोपविण्यात आला. तफावतीमागे एक अनोळखी खाते होते आणि त्या खात्यामागे घुसखोर. तो आत येताच यंत्रावर आणखी कोण काम करीत आहे हे तपासून पाही. त्यामुळे त्याच यंत्रावर बसून त्याच्यावर पाळत ठेवणे धोक्याचे होते. स्टॉल यांनी बाहेरून येणाऱ्या मोडेमच्या वाहिन्यांना स्वतंत्र प्रिंटर व टर्मिनल जोडले. घुसखोराची प्रत्येक कळ कागदावर उमटू लागली, आणि यंत्राचे सर्वाधिकार मिळवूनही तो कागद त्याच्या आवाक्यात नव्हता. पुढे तो पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हरचा मार्कुस हेस असल्याचे निष्पन्न झाले. मिळविलेली माहिती सोव्हिएत गुप्तहेर संघटनेला विकल्याच्या प्रकरणात १९९० मध्ये तो दोषी ठरला. नोंद घटनास्थळाच्या बाहेर ठेवली तरच ती साक्ष देऊ शकते, हे या प्रकरणाचे सार म्हणता येईल.

सिसलॉग : सोयीतून जन्मलेली वाट

त्याच शहरातील कॅलिफोर्निया विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी ‘सेंडमेल’ या टपालवहनाच्या प्रणालीबरोबर १९८० च्या दशकाच्या प्रारंभी ‘सिसलॉग’ ही छोटी सुविधा तयार केली होती. प्रत्येक कार्यप्रणालीने आपली वेगळी नोंदवही न ठेवता संदेश एका सामायिक सेवेकडे द्यावा, आणि त्या सेवेने तो फायलीत लिहावा, पडद्यावर दाखवावा किंवा दुसऱ्या यंत्राकडे पाठवावा, अशी ही रचना होती. संदेशाच्या प्रारंभी एक अंक असे. संदेश कोणत्या विभागाचा आणि ० ते ७ या श्रेणीत किती गंभीर, हे त्यावरून कळे. दुसऱ्या यंत्राकडे नोंदी पाठविण्यासाठी व्यवस्था-फायलीत एक ओळ पुरेशी होती.

हा साधेपणाच तिच्या प्रसाराचे कारण ठरला. १९९० च्या दशकात फायरवॉल स्वतंत्र उपकरण म्हणून विकली जाऊ लागली, तेव्हा उत्पादकांनी हीच वाट स्वीकारली. सिसलॉगमध्ये फायरवॉलसाठी स्वतंत्र विभाग नव्हता. म्हणून ‘स्थानिक वापरासाठी’ मोकळ्या ठेवलेल्या आठ विभागांपैकी एखादा वापरला जाई.

याच काळात नोंदवाचनाचे मोलही लक्षात येऊ लागले. जानेवारी १९९१ मध्ये एटी अँड टी बेल प्रयोगशाळेच्या इंटरनेट-प्रवेशद्वारावर सेंडमेलमधील एका जुन्या त्रुटीचा आधार घेऊन कोणी पासवर्डची फाइल मागविली. प्रवेशद्वाराचे प्रमुख रचनाकार विल्यम चेसविक यांनी ते नोंदीवरून ओळखले. त्यांनी त्या घुसखोराला बनावट फाइल पाठवून त्याच्या हालचालींचा अभ्यास केला. १९९४ मध्ये स्टीव्हन बेलोविन यांच्यासह त्यांनी लिहिलेला फायरवॉलविषयक ग्रंथ या क्षेत्रातील आरंभीचा महत्त्वाचा ग्रंथ मानला जातो.

मानकीकरण आणि उघड झालेल्या उणिवा

सिसलॉग सुमारे दोन दशके लेखी मानकाविनाच चालले. ऑगस्ट २००१ मध्ये ‘आरएफसी ३१६४’ हा दस्तऐवज प्रसिद्ध झाला. त्याचे स्वरूप नवे नियम घालून देण्याचे नसून प्रचलित रूढी नोंदविण्याचे होते. त्यातून तीन उणिवा ठळकपणे दिसून येतात.

पहिली उणीव पोहोचेची. संदेश यूडीपी पद्धतीने ५१४ क्रमांकाच्या पोर्टवर पाठविले जात. या पद्धतीत पोचपावती नसते. संदेश वाटेत गहाळ झाला तरी पाठविणाऱ्याला ते कळत नाही.

दुसरी उणीव काळाची. संदेशावर महिना, दिवस व वेळ असे, परंतु वर्ष आणि कालविभाग नसे. इतिहासाच्या अभ्यासकाला मिती आहे पण शक नाही असे जुने पत्र हाती आल्यावर जी अडचण येते, नेमकी तीच येथे होती. नोंद त्या दिवसापुरती वाचायची असेल तर वर्षाची गरज नसते. न्यायालयात दाखल करायची असेल तर असते.

तिसरी उणीव ओळखीची. संदेश खरोखर त्याच फायरवॉलकडून आला की तिच्या नावाने दुसऱ्याच कोणी पाठविला, हे ठरविण्याचे साधन नव्हते. वाटेत तो उघड्या पत्रासारखा वाचताही येई.

या उणिवा दूर करण्याचे प्रयत्न त्याआधीच सुरू झाले होते. १९९८ मध्ये बालाझ शायडलर यांनी ‘सिसलॉग-एनजी’ ही प्रणाली आणि २००४ मध्ये रायनर गेरहार्ड्स यांनी ‘आरसिसलॉग’ प्रणाली सुरू केली. मार्च २००९ मध्ये गेरहार्ड्स यांनीच लिहिलेल्या ‘आरएफसी ५४२४’ या मानकाने वर्ष व कालविभागासह पूर्ण कालनोंदीची तरतूद केली. त्याच महिन्यातील ‘आरएफसी ५४२५’ ने सांकेतिक आवरणातून संदेश पाठविण्याची रीत ठरविली. स्वाक्षरीयुक्त संदेशांचे मानक मे २०१० मध्ये आले. तथापि जुनी रूढी नाहीशी झाली नाही. जुन्या पद्धतीने नोंदी पाठविणारी उपकरणे आजही वापरात आढळतात.

पोहोचेची खात्री दिल्यावर एक नवा पेच निर्माण झाला. सिस्को कंपनीच्या फायरवॉलवर नोंदी टीसीपी या खात्रीच्या पद्धतीने पाठविण्याची व्यवस्था केली आणि नोंद घेणारे यंत्र बंद पडले, तर मूळ मांडणीनुसार फायरवॉल नव्या जोडण्याच नाकारते. ही अट व्यवस्थापकाला एका आज्ञेने काढून टाकता येते. साक्षीदार नसेल तर व्यवहार थांबवावा की साक्षीविना चालू ठेवावा, हा निर्णय यंत्र करू शकत नाही. तो संस्थेलाच करावा लागतो.

सक्तीचे पर्व

२००० नंतरच्या दशकात नोंदी दूर पाठविणे हा ऐच्छिक विषय राहिला नाही. डिसेंबर २००४ मध्ये पतपत्र-व्यवहारांसाठी आलेल्या ‘पीसीआय डीएसएस’ नियमावलीने नोंदींची प्रत विनाविलंब मध्यवर्ती सर्व्हरवर किंवा बदलण्यास अवघड अशा माध्यमावर ठेवण्याची अट घातली. सप्टेंबर २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने नोंद-व्यवस्थापनाची स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. अनेक उपकरणांच्या नोंदी एकत्र ताडून पाहणाऱ्या प्रणालींना २००५ पासून ‘सीम’ ही संज्ञा मिळाली. पुढे हेच काम भाडेतत्त्वावर करणाऱ्या क्लाउड-सेवा आल्या.

परंतु नोंद जमा होणे म्हणजे ती वाचली जाणे नव्हे. २०१३ च्या अखेरीस अमेरिकेतील टार्गेट या विक्रीसंस्थेतून सुमारे ४ कोटी पतपत्रांची माहिती चोरीस गेली. सुरक्षाप्रणालीने दिलेल्या काही इशाऱ्यांची तपासणी झाली होती, परंतु पुढील कार्यवाहीची गरज नाही असे ठरविण्यात आले, हे संस्थेने नंतर मान्य केले.

भारतीय संदर्भ

भारतात या प्रश्नाचे कायदेशीर अंग महाराष्ट्रातील एका निवडणूक खटल्यातून अधिक स्पष्ट झाले. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर स्वीकारले गेल्याचा आक्षेप होता. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरण हा त्यातील मुख्य पुरावा होता. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किसनराव गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निर्णय दिला. मूळ उपकरणच न्यायालयात सादर केले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत पुरावा अधिनियमाच्या कलम ६५-ब (४) खालील प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असे न्यायालयाने म्हटले. हा निर्णय चित्रीकरणासंबंधीचा असला, तरी त्यातील तत्त्व मध्यवर्ती सेवेतील नोंदींनाही लागू पडते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ही तरतूद पुढे चालू आहे. तिच्या नमुन्यात नोंदीचे हॅशमूल्य, म्हणजे मजकुरातील किंचित बदलही उघड करणारा गणिती ठसा, नमूद करावा लागतो.

दरम्यान ‘सर्ट-इन’ या राष्ट्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. त्यांनुसार संबंधित संस्थांनी आपल्या सर्व माहिती-तंत्रज्ञान प्रणालींच्या नोंदी १८० दिवस सुरक्षित ठेवावयाच्या आहेत. यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या कालसेवेशी जुळवावयाची आहेत, तर नमूद प्रकारच्या घटना ६ तासांच्या आत कळवावयाच्या आहेत. कालनोंदीतील एकवाक्यता हा जुना प्रश्न येथे शासकीय आदेशाचा विषय झालेला दिसतो.

निष्कर्ष

१) नोंदीची विश्वसनीयता ती यंत्राने लिहिली यावर अवलंबून नसून, ज्याच्याविषयी ती आहे त्याच्या ताब्याबाहेर ती किती लवकर जाते यावर अवलंबून आहे. अँडरसन यांचा अहवाल आणि स्टॉल यांचे प्रिंटर हेच दर्शवितात.

२) सिसलॉग कामकाजाच्या सोयीसाठी तयार झाले. पुराव्यासाठी लागणारी पोहोच, काळ आणि ओळख यांची हमी त्यात नंतर जोडली गेली. म्हणून नोंदी पाठविल्या जातात एवढ्यावर समाधान न मानता, त्या कोणत्या पद्धतीने पाठविल्या जातात हे पाहणे आवश्यक ठरते.

३) केंद्रीकरणामुळे प्रश्न सुटत नाही, तो स्थलांतरित होतो. पूर्वी फायरवॉलवर ताबा मिळविणारा नोंद पुसू शकत असे. आता मध्यवर्ती सेवेचा व्यवस्थापक सर्वच नोंदींचा धनी होतो. नोंद पाहण्याचा, पुसण्याचा आणि प्रमाणित करण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असू नये.

४) महाविद्यालयाच्या फायरवॉलमधील नोंदींवरून कोणता विद्यार्थी किंवा प्राध्यापक केव्हा कोणत्या संकेतस्थळाकडे गेला, याचा माग काढता येतो. घुसखोराविरुद्धची साक्ष आणि वाचकावरील पाळत यांचा मजकूर एकच आहे. त्यांतील फरक ठरतो तो नोंद किती काळ ठेवली, कोणी पाहिली आणि कोणत्या कारणासाठी पाहिली यावरून. हा निर्णय केवळ संगणक विभागावर न सोपविता महाविद्यालयाच्या सक्षम समितीने लेखी स्वरूपात घेणे उचित ठरेल. तसेच नोंदी कोणी पाहिल्या, याचीही नोंद ठेवली जावी.