अभियांत्रिकी शिक्षण, भारतातील

अभियांत्रिकीच्या विविध शाखांतील संघटित शिक्षणाची भारतातील परंपरा सु. दोनशे वर्षांची आहे. धरणे, पूल, किल्ले, जहाजे व तोफा बांधण्याची विद्या या देशात त्याहून पुष्कळ जुनी. परंतु ती कारागिरांच्या घराण्यांतून व गुरुशिष्यपरंपरेने पुढे चालत असे. गणित व विज्ञान यांच्या आधारे वर्गात शिकून, परीक्षा देऊन व प्रमाणपत्र मिळवून अभियंता होण्याची पद्धत ब्रिटिश अंमलात सुरू झाली. या शिक्षणाच्या इतिहासात एक सूत्र सातत्याने आढळते. पदवीधरांना काम देणारा जो प्रमुख मालक त्या त्या काळात होता, त्याच्या गरजेप्रमाणे अभ्यासक्रम घडत गेला. प्रथम हा मालक सरकारचे बांधकाम खाते होते, नंतर सार्वजनिक क्षेत्रातील कारखाने आणि शेवटी संगणकप्रणालींचा उद्योग. अर्थव्यवस्था पालटून मालक बदलला, तरी अभ्यासक्रम बदलण्यास मात्र बराच काळ लागला. या दिरंगाईची किंमत मुख्यत्वे मधल्या काळात पदवी घेऊन बाहेर पडलेल्या तरुणांना द्यावी लागली.

प्रारंभ : चेन्नईजवळील गिंडी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयाचे मूळ १७९४ मध्ये स्थापन झालेल्या भूमापन शाळेत सापडते. जिंकलेल्या मुलखाची मोजणी करणे व नकाशे तयार करणे, ही कंपनी सरकारची पहिली निकड होती. मुंबईत १८२० नंतरच्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली अभियंत्यांसाठी एक शाळा चालविली गेली. तीत देशी भाषांतून शिक्षण दिले जाई आणि त्यासाठी गणिताची पुस्तके मराठीत तयार करण्यात आली. ही शाळा अल्पजीवी ठरली. तथापि या विषयाचे मराठीतून शिक्षण किती लवकर सुरू झाले होते, याची साक्ष म्हणून तिचे महत्त्व आहे.

बांधकाम खात्याचा काळ : गंगेच्या कालव्याचे प्रचंड काम हाती घेतल्यावर त्यासाठी प्रशिक्षित माणसांची चणचण भासू लागली. तेव्हा वायव्य प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर जेम्स टॉमसन यांच्या पुढाकाराने १८४७ मध्ये रूडकी येथे महाविद्यालय सुरू झाले. कालव्यात १८५४ मध्ये पाणी सोडण्यात आले. त्याच सुमारास लॉर्ड डलहौसी यांच्या कारकीर्दीत सार्वजनिक बांधकाम खाते स्वतंत्रपणे संघटित झाले. पुण्यात १८५४ मध्ये खात्याच्या दुय्यम नोकरांसाठी अभियांत्रिकी वर्ग व यांत्रिकी शाळा सुरू झाली, तर १८५६ मध्ये कलकत्त्यात स्थापत्य अभियांत्रिकीचे महाविद्यालय निघाले. ते १८८० मध्ये शिबपूर येथे हलविण्यात आले. पुण्याची संस्था १८६६ मध्ये मुंबई विद्यापीठाला संलग्न झाली व तेथील विद्यार्थी स्थापत्य अभियांत्रिकीच्या परवानापदवीची परीक्षा देऊ लागले. मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या हे या संस्थेचे सर्वांत ख्यातनाम विद्यार्थी होत. ते १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाले.

रस्ते, कालवे, पूल व सरकारी इमारती हेच या सर्व संस्थांचे कार्यक्षेत्र होते. त्यामुळे भूमापन, आरेखन, खर्चाचे अंदाजपत्रक व बांधकामाची देखरेख यांवर शिक्षणाचा भर राहिला. यंत्रांचा अभिकल्प व निर्मिती यांना त्यात फारसे स्थान नव्हते. आगगाड्यांची एंजिने, गिरण्यांतील माग व त्यांचे सुटे भाग इंग्लंडमधून येत असल्याने ते येथे घडविणाऱ्या अभियंत्याची राज्यकर्त्यांना गरजही वाटत नव्हती. वरिष्ठ जागांसाठी इंग्लंडमधील कूपर्स हिल येथे १८७१ मध्ये निराळे महाविद्यालय काढण्यात आले. ते १९०६ पर्यंत चालले व त्यातून प्रामुख्याने ब्रिटिश तरुणांची भरती होई. म्हणजेच भारतीय महाविद्यालयांचा अभ्यासक्रम खात्याच्या कामापुरता मर्यादित होता आणि त्या खात्याचीही वरची दारे भारतीय पदवीधराला पुरती उघडी नव्हती.

उद्योगांकडे वळण : कापडगिरण्यांच्या वाढीबरोबर मुंबईत खाजगी उद्योगाची मागणी प्रथम जाणवू लागली. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटने (सध्याची वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था) यंत्रविद्या व वस्त्रनिर्मिती यांचे शिक्षण सुरू केले. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० मध्ये कलाभवन उभारले. तेथे रंगकाम, विणकाम इ. विषय स्थानिक भाषेतून शिकविले जात. स्वदेशीच्या चळवळीत, १९०६ मध्ये, बंगालच्या राष्ट्रीय शिक्षण चळवळीतून कलकत्त्यात तांत्रिक संस्था निघाली व तिचीच परिणती पुढे जादवपूर विद्यापीठात (१९५५) झाली. बनारस हिंदू विद्यापीठाचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९१९ चे. यंत्र व विद्युत् अभियांत्रिकी या शाखा शिकविणाऱ्या आरंभीच्या भारतीय संस्थांत त्याची गणना होते. मुंबई विद्यापीठाने १९३३ मध्ये रासायनिक तंत्रविद्येचा विभाग सुरू केला. गिरण्यांच्या प्रदेशात रंगरसायने व वस्त्ररसायन यांची गरज उघड असल्याने या विभागाचे उद्योगाशी नाते प्रारंभापासून निकटचे राहिले.

टॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखालील औद्योगिक आयोगाने (१९१६–१८) तांत्रिक शिक्षणाची उणीव नोंदविली. आयोगाचे सदस्य मदनमोहन मालवीय यांनी स्वतंत्र टिपणी जोडून भारतीय उद्योगांच्या पीछेहाटीची अधिक परखड मीमांसा केली. तथापि दुसऱ्या महायुद्धापर्यंत स्थापत्य शाखेचे वर्चस्व बहुतेक ठिकाणी टिकून होते.

नियोजनाचा काळ : महायुद्धाच्या अखेरीस भावी औद्योगिकीकरणाचा विचार सुरू झाला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद १९४५ मध्ये स्थापन झाली. नलिनीरंजन सरकार यांच्या समितीने १९४६ मधील आपल्या अंतरिम अहवालात देशाच्या चार दिशांना उच्च तंत्रशिक्षणाच्या चार संस्था काढाव्यात, अशी शिफारस केली. त्यासाठी अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेचा आदर्श तिच्यापुढे होता. त्यानुसार पहिली भारतीय तंत्रविद्या संस्था १९५१ मध्ये खरगपूर येथे, हिजलीच्या जुन्या बंदिशाळेच्या वास्तूत सुरू झाली. त्यानंतर मुंबई (१९५८) येथील संस्था यूनेस्को व सोव्हिएट रशिया यांच्या, मद्रास (१९५९) येथील पश्चिम जर्मनीच्या, कानपूर (१९५९) येथील अमेरिकेच्या आणि दिल्ली (१९६१) येथील ब्रिटनच्या साहाय्याने उभी राहिली.

या संस्थांनी केलेला मूलभूत बदल म्हणजे विज्ञानाधिष्ठित अभ्यासक्रम. विशिष्ट खात्याचे नियम व रीती शिकविण्याऐवजी गणित, भौतिकी, पदार्थविज्ञान व यामिकी यांचा भक्कम पाया सर्व शाखांना समान द्यावा, जोडीला मानव्यविद्या शिकवाव्यात आणि विशेषीकरण नंतर करावे, असे हे धोरण होते. कानपूरला १९६२ ते १९७२ या काळात नऊ अमेरिकन विद्यापीठांच्या गटाचे साहाय्य लाभले. तेथे १९६३ मध्ये आलेल्या आयबीएम १६२० या संगणकावर विद्यार्थ्यांना व इतर संस्थांतील अध्यापकांना संगणन शिकविले जाऊ लागले. संगणकांना देशात अद्याप मोठा ग्राहक नव्हता. पुढे वीस-पंचवीस वर्षांनी जो उद्योग वाढला, त्याचे काही बीज अशा रीतीने मागणीच्या आधीच पेरले गेले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

याच काळात केंद्र व राज्य यांच्या संयुक्त योजनेतून प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. त्यांपैकी वरंगळ येथील महाविद्यालय १९५९ चे व नागपूरचे विश्वेश्वरय्या महाविद्यालय १९६० चे. महाराष्ट्रात सांगली (१९४७), कराड (१९६०), औरंगाबाद (१९६०) व अमरावती (१९६४) येथेही महाविद्यालये झाली. भिलाई, रूरकेला व दुर्गापूर येथील पोलाद कारखाने, वीजमंडळे व अवजड यंत्रांचे उद्योग हे आता पदवीधराचे नवे मालक होते.

मंदी व बेकारी : ही व्यवस्था नियोजनाच्या अंदाजांवर उभी होती. १९६५–६७ मधील अवर्षणे, औद्योगिक मंदी व पंचवार्षिक योजनेत पडलेला खंड यांमुळे ते अंदाज कोलमडले. अभियंत्यांची बेकारी हा शब्दप्रयोग देशात प्रथमच गंभीरपणे ऐकू येऊ लागला आणि १९६८ मध्ये प्रवेशसंख्येत कपात करावी लागली. कोठारी आयोगाने (१९६४–६६) त्यापूर्वीच प्रात्यक्षिक अनुभव व उद्योगांशी सहकार्य यांवर भर दिला होता. शिकाऊ उमेदवारीचा १९६१ चा अधिनियम १९७३ मध्ये दुरुस्त करून पदवी व पदविकाधारक अभियंत्यांना लागू करण्यात आला. पदवी हातात असूनही कारखान्यातील कामाची ओळख नसलेल्या तरुणासाठी ही तरतूद होती. या घटनांवरून एक धडा स्पष्ट झाला. जागांची संख्या आदेशाने कमीअधिक करता येते. परंतु शिक्षणाचा आशय व पदवीधराची नव्या कामाशी जुळवून घेण्याची क्षमता आदेशाने वाढत नाही.

विद्यापीठीय पद्धतीच्या मर्यादा : बहुसंख्य विद्यार्थी मात्र राष्ट्रीय संस्थांत नव्हे, तर विद्यापीठांना संलग्न असलेल्या महाविद्यालयांत शिकत. संलग्नतेच्या पद्धतीत अभ्यासक्रम अभ्यासमंडळ ठरविते, विद्याशाखा व विद्वत्सभा त्यास मान्यता देतात आणि सर्व महाविद्यालयांची परीक्षा एकच असते. एखादा विषय बदलण्यास एकदोन वर्षे लागतात. बदललेला अभ्यासक्रम पहिल्या वर्षापासून क्रमाक्रमाने लागू होतो. म्हणून आज घेतलेल्या निर्णयाचे फळ सहासात वर्षांनी बाहेर पडणाऱ्या तुकडीत दिसते. शिवाय सर्वांत कमी साधने असलेल्या महाविद्यालयालाही झेपेल, असाच अभ्यासक्रम ठेवावा लागतो. महाविद्यालयांना स्वायत्तता द्यावी, या विचाराचे मूळ येथे आहे.

खाजगी महाविद्यालयांचा विस्तार : १९८० नंतर परिस्थिती झपाट्याने पालटली. कर्नाटकाप्रमाणे महाराष्ट्रानेही १९८३ मध्ये, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास परवानगी दिली. त्यामुळे तालुक्यांच्या गावांपर्यंत हे शिक्षण पोहोचले व पूर्वी ज्यांना ते अप्राप्य होते, अशा ग्रामीण कुटुंबांतील मुलामुलींना संधी मिळाली. दुसरीकडे देणग्यांची आकारणी, अपुऱ्या प्रयोगशाळा व अध्यापकांची टंचाई यांविषयी तक्रारी वाढल्या. महाराष्ट्राने १९८७ मध्ये देणगीशुल्काला बंदी घालणारा कायदा केला. त्याच वर्षीच्या अधिनियमाने अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेस वैधानिक अधिकार मिळाले. शुल्क व प्रवेश यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात उन्नीकृष्णन् (१९९३) व टी. एम्. ए. पै (२००२) या खटल्यांतून गाजत राहिला.

उदारीकरणानंतर : १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर संगणकप्रणालींचा उद्योग हा पदवीधरांचा मोठा मालक बनला. तो स्थापत्य, यंत्र वा विद्युत् अशा कोणत्याही शाखेचा पदवीधर घेई व त्याला काही महिने स्वतः शिकवी. इन्फोसिस कंपनीने म्हैसूर येथे उभारलेले विस्तीर्ण प्रशिक्षणकेंद्र हे याचे ठळक उदाहरण आहे. चार वर्षांच्या शिक्षणानंतर मालकाला पुन्हा वर्ग भरवावे लागतात, यातच अभ्यासक्रम व अर्थव्यवस्था यांमधील अंतराची कबुली होती. दुसऱ्या बाजूने पाहता, शाखेचे ज्ञान बाजूला ठेवून केवळ तर्कबुद्धीसाठी अभियंता निवडला जात असेल, तर त्या ज्ञानावर झालेला खर्च समाजाने कशासाठी केला, हा प्रश्नही उरतो.

गुणवत्तेच्या हमीसाठी १९९४ मध्ये राष्ट्रीय मूल्यांकन मंडळ स्थापन झाले. २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. यामुळे काय शिकविले, यापेक्षा विद्यार्थ्याला काय करता येते, यावर मूल्यांकनाचा भर आला. प्रादेशिक महाविद्यालयांचे २००२-०३ पासून राष्ट्रीय तंत्रविद्या संस्थांत रूपांतर झाले आणि रूडकीचे विद्यापीठ २००१ मध्ये भारतीय तंत्रविद्या संस्था बनले. जागतिक बँकेच्या साहाय्याने निवडक महाविद्यालयांच्या सुधारणेचा कार्यक्रम २००३ च्या सुमारास सुरू झाला. विस्तार मात्र मागणीच्या पुढे गेला. पदवीच्या मंजूर जागा २०१४-१५ मध्ये सु. १७ लाख होत्या. अनेक महाविद्यालये ओस पडल्यावर २०२१-२२ मध्ये त्या सु. साडेबारा लाखांवर आल्या.

अलीकडील सुधारणा : तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ मध्ये नमुना अभ्यासक्रम प्रसिद्ध करून पदवीचे श्रेयांक सु. २२० वरून १६० वर आणले. त्यात प्रवेशानंतरचा परिचयवर्ग व उद्योगातील अंतर्वासिता यांचा समावेश करण्यात आला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) आंतरविद्याशाखीय शिक्षणाचा पुरस्कार केला. २०२१ मध्ये मराठीसह आठ भारतीय भाषांतून अभियांत्रिकी पदवी शिक्षणास मुभा मिळाली. मात्र पाठ्यपुस्तके, परिभाषा व नोकरीतील भाषा यांचा मेळ बसल्याशिवाय ती फलद्रूप होणे कठीण आहे. पुण्याचे जुने महाविद्यालय २०२२ मध्ये स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झाले. २०२४-२५ पासून प्रत्येक शाखेतील जागांवरील कमाल मर्यादा उठविण्यात आली. त्यामुळे संगणक शाखांकडील ओढा वाढून स्थापत्य, यंत्र इ. मूळ शाखा क्षीण होण्याची भीती व्यक्त केली जाते.

समालोचन : गिंडी, रूडकी व पुणे येथील संस्था ज्यांच्यासाठी निघाल्या, ती कंपनी सरकारची खाती इतिहासजमा झाली, संस्था मात्र टिकल्या. भूमापनापासून संगणकापर्यंतचे विषय त्यांनी सामावून घेतले, कारण गणित, विज्ञान व प्रत्यक्ष काम यांची बैठक त्यांनी सोडली नाही. केवळ तत्कालीन मालकाच्या मागणीवर बेतलेला अभ्यासक्रम मालकाबरोबरच कालबाह्य होतो आणि मागणीकडे पूर्ण पाठ फिरविणारा अभ्यासक्रम बेकारांची संख्या वाढवितो, असा या दोन शतकांचा अनुभव आहे. म्हणून पायाभूत भाग स्थिर व वरचे विशेष विषय झपाट्याने बदलता येण्याजोगे, अशी रचना हितावह ठरते. अशी रचना चालविण्यास स्वायत्त संस्था व सतत शिकत राहणारे अध्यापक लागतात. इमारती, यंत्रसामग्री व जागा यांच्या तुलनेत अध्यापक तयार करण्याकडे झालेले दुर्लक्ष, हीच भारतातील अभियांत्रिकी शिक्षणाच्या आधुनिकीकरणातील सर्वांत मोठी उणीव होय.